होडीवर लिहिलेला पासवर्ड

मित्रांनो, दिवाळे गावच्या जेट्टीकडे तोंड करून असलेल्या एका घरात, खिडकीच्या वर खिळ्याला टांगलेला मी एक जुना राऊटर आहे. मला दोन अँटेना आहेत. त्यांतला एक झाडू लागून मोडला, म्हणून गोजराकाकींनी त्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं माझ्या तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढला आहे. तरी मी चालतो. एकदा तर मी असा टिकलो, की त्यामुळे एका माणसाची अब्रू वाचली. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात, पण माझी दुसरं कोणी करत नाही, त्याला मी काय करू?

माझा जन्म कारखान्यातला. हिरव्या पाटीवर बारीक बारीक तुकडे चिकटवले आणि लगेच मला रीतभात शिकवली. हवेतून बोलायचं तर सगळ्यांनी एकाच पद्धतीनं बोलायला हवं, नाहीतर एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या राऊटरला ओळख दाखवायचा नाही. या ठरलेल्या पद्धतींना मानकं म्हणतात. मी चौथ्या पिढीचा. माझ्यामागून पाचवी आली, सहावी आली, आता सातवीही आली, आणि ती पोरं माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत. माझा आवाज मात्र लांब जातो, थेट जेट्टीवरच्या होड्यांपर्यंत.

मला कुलूपही दिलं होतं. अगदी सुरुवातीच्या राऊटरांचं कुलूप इतकं कच्चं, की जाणकार माणूस बसल्या बसल्या उघडायचा. माझं त्या मानानं भक्कम. पण किल्ली कुणाच्या हातात द्यायची, ते घरची माणसं ठरवतात. तिथं राऊटरचं काही चालत नाही.

मला या घरी आणलं रूपेशनं. काकींचा हा थोरला मुलगा द्रोणागिरीला एका गोदामात कामाला आहे, पहिल्या पाळीत. त्यानं पासवर्ड ठेवला, बहिणीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन-चार. मी मनात म्हटलं, बाबा रे, हा तर कुणीही ओळखेल. पण मला तोंड कुठं आहे?

पुढं त्याच बहिणीची, रंजिताची, हळद निघाली. आमच्याकडं हळद म्हणजे गावभर मांडव आणि दोन दिवस पाहुणे. अंगणात भलामोठा फ्लेक्स लागला, त्यावर रंजिताचा मुंडावळ्या बांधलेला फोटो. काकींनी छापणाऱ्याला बजावलं, "खाली वायफायचा पासवर्ड पन टाक. पावने येतील, त्यांना दर येलेला सांगत बसू का मी?" आणि त्यानं टाकला, हातभर अक्षरांत.

हळद झाली, रंजिता सासरी गेली. फ्लेक्स मात्र कुणी टाकला नाही. चांगला जाड कपडा टाकतं कोण? रूपेशच्या वडिलांनी, हिरामणनाखवांनी, तो जेट्टीजवळ ओढून ठेवलेल्या आपल्या जुन्या होडीवर उन्हासाठी ताणला, फोटोची बाजू बाहेर करून. चार वर्षं तो तिथंच राहिला. होडीच्या सावलीत जाळी विणायला बसणारा प्रत्येक जण वर बघून फोन जोडायचा. मला तेव्हा मोठं कौतुक वाटायचं. अर्ध्या गावाचं माझ्यावाचून अडत होतं ना. मूर्ख होतो मी.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यातला तो मंगळवार. गावातल्या बालवाडीत उत्कर्षा नावाची मुलगी शिकवते. तिची आई वेणूबाई आणि आमच्या काकी बाजारात वीस वर्षं शेजारी शेजारी पाट्या लावून बसतात. त्या मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला कुणीतरी उत्कर्षाच्या नावानं खोटं खातं उघडलं, तिचा फोटो लावला आणि खाली नाही नाही ते लिहिलं. ते माझ्यातूनच गेलं, मित्रांनो. माझ्यातून सगळं बंद पाकिटात जातं, आत काय आहे ते मला दिसत नाही. मागाहून कळलं तेव्हा मला माझीच किळस आली.

उत्कर्षानं रडत बसण्याऐवजी तक्रार केली. माग काढत काढत पोलीस आमच्या जोडणीपर्यंत पोचले. जोडणी रूपेशच्या नावावर. शुक्रवारी त्याला फोन आला, सोमवारी सकाळी घरी थांबा, चौकशीला येतो.

गावानं सोमवारची वाट पाहिली नाही. दोन वर्षांपूर्वी रूपेशसाठी उत्कर्षाला विचारलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं, हे लहानथोरांना ठाऊक. लोकांनी दोन आणि दोन चार केले. वेणूबाईंनी आपली पाटी उचलली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नेली. काकी त्या दिवशी निम्मी मासळी घेऊन परत आल्या. रूपेश जेवत होता. त्याच्यासमोर बसून त्यांनी हळूच विचारलं, "रूपेश, तू नाय ना केलास?"

रूपेशनं त्यांच्याकडं पाहिलं, ताट बाजूला सारलं आणि हात धुतला. तेव्हापासून तो आईशी बोलेनासा झाला.

आणि मला सगळं माहीत होतं. कुठला फोन किती वाजता जोडला गेला, ते मी एका छोट्या वहीत टिपून ठेवतो. मंगळवारची ती ओळ माझ्याकडं होती. पण ही वही दोन प्रकारांनी दगा देते. एक तर तिची पानं मोजकी, नवी ओळ आली की सगळ्यांत जुनी पुसली जाते. दुसरं, वीज गेली की वही कोरी. एरवी काकी बाजारात निघताना माझं बटण बंद करूनच बाहेर पडायच्या. पण रंजिता नुकतीच बाळंत झाली होती, तिचा दिवसातून दहादा व्हिडिओ कॉल यायचा, म्हणून त्या महिन्यात त्यांनी बटणाला हात लावला नव्हता. मध्येच वीज गेली तरी रंजितानं पाठवलेली बॅटरी मला सांभाळायची. मी एक एक ओळ मोजत होतो.

या दिवसांत घरी रोज येणारा एकच माणूस होता, शिवा. शेजारचा, रूपेशचा लहानपणापासूनचा दोस्त. सकाळी होडीच्या सावलीत जाळी विणायचा आणि संध्याकाळी रूपेशच्या खांद्यावर हात टाकून बसायचा. "टेन्शन नको घेऊ, काय नाय होनार," म्हणायचा. तो आला की त्याचा फोन आपोआप जोडला जायचा, माझ्या वहीत एक ओळ चढायची आणि जुनी एक पुसली जायची. माझा जीव टांगणीला लागला होता.

रविवारी दुपारी तो काकींना म्हणाला, "काकी, हा डबा जरा बंद करून चालू करतो. उद्या पोलिसांसमोर नेट बरा चालाला पायजे." आणि उठून त्यानं बटणाकडं हात नेला. सगळं जगच राऊटरला बंद करून चालू करतं, त्यात कुणाला वावगं वाटणार? मी दिवे लुकलुकवले, पण ते तर मी नेहमीच लुकलुकवतो. त्याचं बोट बटणावर टेकलं आणि काकींचा फोन वाजला.

"थांब रे शिवा," काकी म्हणाल्या. "रंजिता हाय. बाल दाखवते."

शिवानं हात मागं घेतला. त्या बाळानं डोळे किलकिले केले, जांभई दिली आणि पाऊण तास कॉल चालला. तोवर रूपेश आत आला, आणि शिवा पुन्हा बटणाकडं गेला नाही.

सोमवारी सकाळी दहाला सायबर शाखेच्या फौजदार संघमित्रा मॅडम आल्या, सोबत एक हवालदार. मॅडम तरुण, नांदेडकडच्या. दाराबाहेर बघे जमले होते, त्यात शिवाही होता. हवालदारानं मला पाहिलं आणि "हा जप्त करायचा ना?" म्हणत माझी वायर धरली. माझी तर पाचावर धारण बसली.

"वायर सोडा," मॅडम म्हणाल्या. "वीज गेली की ह्याच्यात काहीच राहत नाही. आधी बघू द्या मला." मग काकींकडं वळल्या. "मावशी, पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगल्यांना," काकी म्हणाल्या.

"सगळ्यांना म्हणजे?"

काकींनी खिडकीतून बोट दाखवलं. मॅडमनी होडीवरची ती हातभर अक्षरं वाचली. मग त्यांनी लॅपटॉप उघडला. माझ्या आत शिरायला एक वेगळा पासवर्ड लागतो. तो रूपेशनं कधी बदललाच नव्हता, माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापला होता तोच.

"अहो, कुणीही आत जाऊन ही सगळी नोंद पुसली असती की," मॅडम म्हणाल्या. रूपेशनं मान खाली घातली. शिवाला ही युक्ती ठाऊक नव्हती, हे माझं नशीब.

मॅडमनी मंगळवार शोधला, अकरा चाळीस. तिथं एक ओळ होती. 'रूपेशचा फोन जोडला.'

काकी भिंतीला टेकून खाली बसल्या. हवालदारानं कागद काढले.

"मी द्रोणागिरीला होतो," रूपेश म्हणाला. "हजेरीच्या मशीनवर अंगठा लावलाय मॅडम. विचारा तुमी."

"अंगठा लावून माणूस परत येऊ शकतो," हवालदार म्हणाला.

मित्रांनो, मी ओरडून सांगायला हवं होतं की ओळ खरी आहे, पण तिची वेळ तशी वाचू नका. सांगणार कसं? मॅडमनी पडद्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"ह्या राऊटरचं घड्याळ कुणी लावलं होतं?"

कुणीच नाही. चार वर्षांत कुणीच नाही.

"इथं आत्ता पहाटेचे साडेचार वाजलेत," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या भिंतीवर दहा. हा अजून परदेशी वेळेवर चालतोय. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. ह्याचे अकरा चाळीस म्हणजे आपले संध्याकाळचे पाच दहा."

"तेवाच येतो तो कामावरून," काकी म्हणाल्या.

"मग आपल्या अकरा चाळीसला ह्याच्याकडं वाजले होते सहा दहा." मॅडम वही मागं मागं नेत गेल्या. पार शेवटच्या टोकाला ती ओळ होती. आणखी दोन फोन आले असते तर ती गेली असती. त्या वेळी घरचा एकही फोन जोडलेला नव्हता, काकी बाजारात, नाखवा खाडीत. एकच फोन होता आणि त्याच्या मालकानं हौसेनं त्याला नाव दिलं होतं, 'दर्याचा राजा'.

रूपेशनं ते वाचलं आणि दाराकडं पाहिलं.

"नाव कुणीही लावू शकतं, तो पुरावा नव्हे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "ह्या जोडणीसाठी प्रत्येक फोनचा एक आकडा असतो, तो जुळला पाहिजे. कुणाचा आहे हा फोन?"

शिवा पळाला नाही. त्यानं फोन पुढं केला. आकडा जुळला. हवालदारानं फोन सीलबंद केला.

"माझ्याच घरचं नेट का रे?" रूपेशनं विचारलं.

"मना पन ती नाय बोलली होती," शिवा म्हणाला. "पन ते कुनाला माहीत नव्हता. तुजा सगल्यांना माहीत होता."

पोलीस शिवाला घेऊन गेल्यावर काकींनी मासळीचा कोयता घेतला आणि त्या जेट्टीवर गेल्या. फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागल्या. चार वर्षांच्या उन्हानं तो कडक झाला होता, एकटीला आवरेना. बघ्यांतून वेणूबाई पुढं आल्या, त्यांनी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून त्याची घडी घातली, पासवर्ड आत करून. मी खिडकीतून पाहत होतो.

रूपेशनं त्या दुपारी माझं सगळं बदललं. पाठीवरच्या चिठ्ठीचा पासवर्ड बदलला, घड्याळ लावलं, पाहुण्यांसाठी वेगळ्या पासवर्डाचं, पडवीसारखं एक दार काढून दिलं. शेवटी घरचा नवा पासवर्ड टाकायला बसला. काकी दारातच थांबल्या.

"मना नको सांगू," त्या म्हणाल्या. "मी गावाला सांगत सुटते. आनि तुला इचारला ना मी त्या दिशी, तो पन माजा चुकला. आय असून इचारला."

रूपेश उठला. चार दिवसांत पहिल्यांदा आईजवळ गेला, खाली वाकला आणि एक एक अक्षर करून पासवर्ड तिच्या कानात सांगितला. काकी बोटांवर मोजत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्यासाठी कंपनी नव्या सुधारणा पाठवत नाही, माझं कुलूपही जुनं झालं. पुढच्या महिन्यात माझ्या खिळ्यावर दुसरा कुणी येईल. त्याचं घड्याळ लावा, त्याच्या पाठीवरची चिठ्ठी तशीच ठेवू नका, आणि अर्ध्या गावानं वापरण्याचं जे कौतुक मला वाटायचं, ते त्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. काकींच्या कानातला तो शब्द मला ठाऊक आहे. तीनच जणांना ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही माझे कितीही लाडके असलात, तरी तो मला विचारू नका.