काजळीचा शोध

कार्तिकातली सकाळ माणदेशावर उतरते ती अजिबात घाई न करता. आधी माळाच्या कडेला एक दुधाळ रेघ उमटते. मग त्या रेघेला केशराचा स्पर्श होतो. मग एकाएकी साऱ्या कुसळांवर, साऱ्या खडकांवर, निजलेल्या मेंढरांच्या पाठींवर दवाचे कण लखलखू लागतात. अहो, एवढं दव या कोरड्याठाक मुलखात येतं तरी कुठून? मी पुष्कळांना विचारलं. कुणी नीट उत्तर दिलं नाही.

त्या माळाच्या कुशीत धुळाजी पुकळ्यांचं शेत. तागाचं रान, खिल्लारी बैलांची एक जोडी, साठेक मेंढरं आणि काठाकाठाने रेंगाळत जाणारा एक ओढा. आषाढात पेरलेला ताग श्रावणात माणसाच्या डोक्यावरून जातो, भाद्रपदात पीतपुष्पांनी डवरतो, आणि तिथे त्याच्या दोन वाटा होतात. अर्धा ताग हिरवाच्या हिरवा नांगराखाली जातो आणि मातीत मिसळून माती होतो. अर्धा मात्र उभा राहतो, पिकतो, कापला जातो, ओढ्याकाठच्या खड्ड्यात पाण्याखाली निजतो. आणि कुजता कुजता त्याच्या अंगातून रुपेरी, रेशीममऊ धागा सुटून येतो.

मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसतात, त्यांच्या लेंड्या-मुताने रान पोसतं. तागाच्या सुतळीची जाळी विणून मेंढरांचा वाडा होतो. धागा सोलून उरलेल्या सणकाड्या चुलीत जातात, चुलीतली राख पुन्हा रानात जाते. लोकरीची घोंगडी होते, आणि घोंगडी विरली की तिचे तुकडे कोकरांच्या अंथरुणाला. "आमच्या हितं कचरा म्हून कायच नसतंय," धुळाजी म्हणत, आणि ते खरंच होतं. ऋतू फिरत राहत, रान फिरत राही, आणि काहीएक वाया जात नसे.

या घरात हौसा सून म्हणून आली त्याला आता दोन पावसाळे झाले होते. नवरा, संभा, दिवाळी होताच मोठा कळप घेऊन घाट उतरून कोकणात गेला होता. मागे राहिल्या होत्या गाभण मेंढ्या, सासू-सासरे, आणि हौसाचे प्रश्न.

प्रश्न तरी किती! तागाला फूल पिवळंच का येतं? मेंढी डोळे मिटते तेव्हा तिला स्वप्न पडतं का? साऱ्या जगात कुजलं की नासतं, मग तागच तेवढा कुजून देखणा कसा होतो? सासू केराबाई भाकरी थापता थापता कपाळाला पिठाचा हात लावी. "अगं बाई, दम घे जरा! तुझ्या डोस्क्यात माश्यांचं पोळं हाय का काय?" पण म्हणताना ती हसे. घरात कुणीतरी बोलतं आहे, याचं तिला बरंच वाटे.

आणि हौसाची होती काजळी. माहेरची मेंढी. धनगराची लेक सासरी निघाली की बाप तिच्यासोबत एक मेंढी देतो. हौसाच्या बापाने कळपातली सगळ्यात देखणी दिली होती. शुभ्र तोंडाची, डोळ्यांभोवती काळी कड असलेली, चालताना मान उंच धरणारी काजळी. हौसा तिच्याशी माहेरच्या गोष्टी बोले. काजळी ऐके की नाही कोण जाणे, पण उठून निघून जात नसे.

गेल्या कार्तिकात काजळी पहिल्यांदा व्याली, आणि तिने कोकराला जवळ केलं नाही. हुंगलं, आणि ढुशी देऊन लोटलं. हौसाने त्याला वाटीने दूध पाजलं, तीन दिवस छातीशी धरलं. चौथ्या दिवशी ते गेलं. हौसा जेवली नाही, बोलली नाही, आणि आठवडाभर तिने एकही प्रश्न विचारला नाही. केराबाईला ते घर खायला उठलं.

यंदा धुळाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. माणूस कठोर नव्हता, पण कळपाचा कायदा जुना. "पोरी, येक डाव माफ. औंदाबी तिनं पोराला लाथाडलं तर बाजार दाखवायची. माया नसलेली मेंढी कळपात ठिवत न्हाईत." हौसाने मान हलवली. त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला.

आणि आज, या केशरी सकाळी, काजळी व्याली.

सासू-सासरे तांबडं फुटताच खड्ड्यावर गेले होते. कुजलेला ताग कुणासाठी थांबत नाही. एक दिवस आधी काढला तर धागा सुटत नाही, एक दिवस उशीर झाला तर धागाच उरत नाही. वाड्यावर हौसा एकटी. वाड्याबाहेरच्या बाभळीखाली काजळीने पाय ताणले, मान आभाळाकडे केली, आणि भुईवर एक ओलं, थरथरतं, वाफाळतं कोकरू उतरलं.

थंडी तर अशी की दात वाजावेत. हौसाने क्षणाचा विलंब केला नाही. काजळी वळायच्या आत तिने कोकरू उचललं. कालच धुऊन पिळलेल्या तागाचा एक मऊशार झुबका तिने त्याच्यासाठी राखून ठेवला होता. इतर कोकरांना घोंगडीचे तुकडे, पण माहेरच्या नातवाला हा रुपेरी राजेशाही थाट! तिने त्याला त्या तागाने पुसलं, तोंडापासून शेपटीपर्यंत लख्ख कोरडं केलं, त्यातच गुंडाळलं, उबेला धरलं. मग हसऱ्या तोंडाने आईपुढे ठेवलं.

काजळीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि डोकं खाली घालून त्याला ढुशी दिली.

हौसाने कोकरू पुन्हा पुढे केलं; पुन्हा ढुशी.

ऊन कासराभर वर आलं तेव्हा धुळाजी आणि केराबाई न्याहारीला परतले. कोकरू वाड्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडलं होतं. धुळाजींना बघून सगळं समजलं. त्यांनी काजळीला गुडघ्यात धरलं, कोकराचं तोंड कासेला लावलं. काजळी उसळली. कुत्रं जवळ आणलं, की भिऊन तरी आई पिल्लाला पाठीशी घालते; काजळी कुत्र्यावर पाय आपटत उभी राहिली, पण कोकराकडे तिने वळून पाहिलं नाही. धुळाजींनी चार थेंब चीक पिळून कोकराच्या जिभेवर सोडला आणि हात पुसले.

"हातानं किती दिस जगवशील पोरी? गेल्या साली बघितलंस की." ते उठले. "परवा बाजार हाय."

केराबाई म्हणाली, "आवं, येवढ्यात नगा बोलू." पण तिच्याही आवाजात जोर नव्हता.

हौसा रडली का? नाही. ती बघत बसली. दुःख झालं की काही माणसं डोळे मिटतात. हौसाचे डोळे तेव्हा अधिकच उघडत. आणि बघता बघता तिच्या ध्यानात एक नवल आलं.

काजळी स्वस्थ नव्हती. ज्या मेंढीला माया नाही तिने खुशाल चरावं, रवंथ करावं. ही मात्र बाभळीखाली जाई, खाली मान घाली, आणि घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा, घुमल्यासारखा, अगदी हळू आवाज काढी. तिथून वाड्यात येई, चहूकडे बघे, पुन्हा बाभळीखाली जाई. पुन्हा तोच आवाज. हौसाने तो आवाज ओळखला. मेंढी तो फक्त एका वेळी काढते, आपल्या पोराला बोलावताना.

ती उठली आणि दबकत दबकत काजळीच्या मागे गेली.

बाभळीखाली, जिथे कोकरू पडलं होतं, तिथे भुईचा हातभर तुकडा अजून ओला होता. दवाने नव्हे, विताना सांडलेल्या पाण्याने. आणि काजळी ती माती चाटत होती. कोवळ्या सावलीत, सोनेरी उन्हाच्या कवडशांत, ती काळ्या कडांच्या डोळ्यांची आई मातीला चाटत होती आणि मातीला हाका मारत होती.

"अगं बाई," हौसा पुटपुटली. "ही तर त्यालाच हुडकतीया."

तिने आपले हात नाकाशी नेले. खड्ड्यातल्या कुजल्या पाण्याचा उग्र वास आला. धावत जाऊन तिने कोकरू उचललं, त्याच्या पाठीत नाक खुपसलं. तोच वास. नखशिखांत तागाचा वास. आईने चाटायच्या आतच तिने आईची ओल पुसून टाकली होती, आणि तिच्या जागी कुजल्या तागाचा दर्प माखला होता. डोळ्यांपुढे कोकरू होतं, आणि तरी काजळीला ते सापडत नव्हतं.

आणि मग, गेलं साल आठवलं. तेव्हाही ती एकटीच होती. तेव्हाही थंडी होती. तेव्हाही कौतुकाने, लाडाने, माहेरच्या मायेने तिने तागाचाच झुबका घेतला होता.

हे फार वाईट होतं, आणि ते खरं होतं.

पण हळहळायला वेळ नव्हता. कोकराची मान पुन्हा लवंडली होती. तिने दोन्ही हात त्या ओल्या मातीत घातले आणि माती कोकराच्या अंगाला चोपडायला सुरुवात केली. डोक्याला, कानांना, पाठीला, शेपटीखाली. जिथून जिथून तिने ओल पुसली होती तिथे तिथे ती परत देऊ लागली. सकाळचं ते लख्ख कोकरू बघता बघता चिखलाचा गोळा झालं. "आगं, आगं, ह्ये काय चालवलंयस!" केराबाई लांबून ओरडली. हौसाने वर पाहिलं नाही. तिने ते चिखली गाठोडं भुईवर, त्याच जागी, ठेवलं आणि दोन हात मागे सरली.

काजळी आली. तिने नाक पुढे केलं.

वारा थांबला होता की काय कोण जाणे. ओढ्याचं पाणीही त्या घटकेला वाजलं नाही असं मला वाटतं, पण मी जीव मुठीत धरून होतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

काजळीने हुंगलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी. मग तिच्या घशातून तो हळू, घुमणारा आवाज आला, आणि या वेळी तो मातीसाठी नव्हता. तिने जीभ काढली आणि कोकराचा कान चाटला. मग डोळा. मग कपाळ. घाईघाईने, अधाशासारखी, सकाळपासून राहिलेलं सारं एकदम भरून काढत ती चाटत सुटली. कोकरू धडपडत चार पायांवर उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं, कासेपर्यंत पोचलं. आणि त्याचं एवढंसं शेपूट लटलट हलू लागलं. दूध लागलं की कोकराचं शेपूट असंच हलतं. त्याला ते थांबवता येत नाही.

धुळाजी केव्हा मागे येऊन उभे राहिले, तिला कळलंच नाही.

"काय केलंस गं?"

हौसाने सांगितलं. तागाचा झुबका सांगितला, वास सांगितला, माती सांगितली. मग म्हणाली, "मामंजी, गेल्या सालचंबी म्याच मारलं. काजळीची चूक न्हवती. तिला सालभर सगळ्यांनी बोल लावला, आन् म्या ऐकून घेतलं."

धुळाजींनी त्या ओल्या मातीकडे पाहिलं. चाळीस वर्षं मेंढरांत काढलेला तो माणूस, त्यानेही कधी त्या बाभळीखाली वाकून पाहिलं नव्हतं. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, उगीचच झटकलं, पुन्हा बांधलं. "बाजाराचं ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले, आणि पाठमोरे झाले. केराबाईने सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

हौसा उकिडवी बसून होती, हात गुडघ्यांवर, कोपरापर्यंत मातीने भरलेले. तिला काजळीकडे बघवत नव्हतं. आणि बघायचंही होतं.

कोकरू चाटून झालं. स्वच्छ झालं, उबदार झालं, पिऊन पिऊन पेंगुळलं. काजळीने मान वर केली, नाक हवेत धरलं, आणि एक पाऊल पुढे आली. मग हौसाचा हात हुंगला. बाभळीखालची माती त्या हातालाही होती; बोटांच्या पेरांत होती, नखांत होती. काजळीच्या घशात पुन्हा तो आवाज घुमला, अगदी हळू, अगदी खोल, पोराला बोलावतानाचा. आणि ती हौसाची बोटं चाटू लागली, एक एक करून, शांतपणे, काही उरणार नाही इतकी नीट.

हौसाने हात मागे घेतला नाही. उन्हात बसून ती रडत राहिली, आणि काजळी चाटत राहिली.