चीनचा प्रसाद

बन्सीलालला चीनला पाठवायचं हे सेठने सोमवारी सांगितलं आणि ही यात्राच आहे हे गल्लीने मंगळवारी ठरवलं. खरं तर कारखान्यात पाण्यावर चालणारे नवे माग येणार होते. ते जोडायचे कसे, हे शिकायला बारा दिवस शाओशिंगला जायचं, एवढाच मामला. पण सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीतून विमानाने जाणारा हा पहिलाच माणूस, आणि लांब जाणाऱ्याला निरोप द्यायची गल्लीला एकच रीत माहीत. कपाळाला कुंकू, हातात नारळ, नारळावर अकरा रुपये. चौतीस घरांतून चौतीस नारळ आले. म्हाताऱ्या काशीबाईंनी तर हात जोडले.

"देवले मना नमस्कार सांगजो, भाऊ."

कुठल्या देवाला, हे बन्सीलालनेही विचारलं नाही.

आता नारळ घेतला की प्रसाद देणं आलंच, आणि तो सगळ्यांना सारखा. इथे बन्सीलालच्या बायकोचा, मालतीबाईंचा, जुना शब्द आडवा येत होता. चार वर्षांपूर्वी समोरच्या उषाबाई चारधाम करून आल्या आणि घरोघरी गंगाजळाची बाटली दिली. मालतीबाईंची बाटली बोटभर लहान निघाली. तेव्हा मालतीबाई नळावर, सगळ्यांच्या देखत बोलून गेल्या होत्या, "प्रसादात डावं-उजवं करणाऱ्याला यात्रा लागू पडत नाही." गल्ली नंतर बरंच काही विसरली, पण हे वाक्य नाही.

म्हणून बन्सीलाल गेल्याच्या दहाव्या दिवशी दुपारी मालतीबाईंनी दार लावून घेतलं, साड्यांना चिकटवायच्या टिकल्यांची पेटी बाजूला सारली आणि सुनेला, ललितच्या बायकोला सुषमाला, व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"ललितना बापू, फोन सरळ धरा. माले तुमनं नाक नको, दुकान दाखाडा."

दुकान दिसलं. बन्सीलालने आधी किल्ल्यांची साखळी दाखवली.

"हाई सुरत टेसनवर भेटस. पुढे चला."

मग कागदी पंखा आला.

"लाइट गेली की पुठ्ठ्याने हवा घेतो आपण. पुठ्ठा फुकट आहे."

मग रेशमी म्हणून मांडलेला रुमाल. बन्सीलालने तो दोन बोटांत चोळला आणि त्याचा चेहरा उतरला. "पॉलिस्टर आहे गं. असं कापड मी स्वतः रोज काढतो."

"मग आपलंच कापड आणायला विमानाने गेलात का?"

"चहा घेऊ? इथे बिनदुधाचा पितात."

"त्याला काढा म्हणतात. मी उषाबाईला काढा दिला तर ती विचारेल, आजारी कोण आहे?"

"अगं, जड काही चालणार नाही. सेठने पंपाचे सुटे भाग भरायला सांगितलेत. घरासाठी पाच किलो उरलेत माझ्याकडे."

"पाच किलोत चौतीस घरं बसवायची आहेत. हिंडा."

बन्सीलाल हिंडला. तीन दुकानं झाली, सुषमाचा हात भरून आला, तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. मालतीबाई जागच्या हलल्या नाहीत. चौथ्या दुकानात लाल काड्यांच्या जोड्या दिसल्या. गुळगुळीत, वर सोनेरी अक्षरं.

"यानं काय करतात?"

"जेवतात."

"बोटं नाहीत का त्यांना?" असं म्हणून मालतीबाई विचारात पडल्या. हलक्या, स्वस्त, लाल. आणि अख्ख्या लिंबायतमध्ये कुणाच्याही घरी नाहीत, तेव्हा या चांगल्या का वाईट हे कुणाला सांगता येणार नाही. "ह्याच घ्या. दहा जोड्यांच्या चार पुड्या. आणि ऐका, बठ्ठ्या सारख्या. एकही वेगळी नको."

बन्सीलाल परतला. ओवाळून झालं, बॅग उघडली. दोन पुड्या लाल होत्या. दोन काळ्या.

"लाल दोनच शिल्लक होत्या," तो म्हणाला. "म्हटलं, काड्या त्या काड्या."

मालतीबाई खाली बसल्या. प्रसाद, आणि काळा! निम्म्या गल्लीला लाल, निम्म्या गल्लीला काळा!

"आई, काळ्या आपल्या जवळच्यांना देऊ," सुषमा म्हणाली. "ते काही बोलणार नाहीत."

"जवळचेच जास्त बोलतात."

"पेढे वाटू," बन्सीलाल म्हणाला.

"चीनचे?"

मालतीबाईंनी चारही पुड्या फोडल्या. एक लाल काडी उचलली, तिच्याशेजारी काळी ठेवली, वर हळदीकुंकू लावलं, दोऱ्याने बांधलं. मग दुसरी जोडी. तासाभरात चाळीस जोड्या तयार झाल्या, एकसारख्या. संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचल्या. काशीबाईंनी आपली जोडी डोळ्यांना लावून देव्हाऱ्यात ठेवली.

दिवेलागणीला उषाबाई आल्या. एका हातात स्वतःची जोडी, दुसऱ्या हातात काशीबाईंची, देव्हाऱ्यातून मागून आणलेली. त्या ओट्यावर बसल्या आणि दोन्ही जोड्या शेजारीशेजारी ठेवून लांबी पाहिली. मग जाडी. मग अक्षरं. काही सापडेना.

"मालती, चीनमध्ये दोन रंगांनी जेवतात?"

"लाल शुभासाठी. काळी नजर लागू नये म्हणून."

बन्सीलालला ठसका लागला.

उषाबाईंची नजर केराच्या डब्याकडे गेली. वरच फाटकी पुडी होती. पुडीवर चित्र होतं, दोन्ही काड्या लाल. त्यांनी चित्र पाहिलं, हातातली जोडी पाहिली, मालतीबाईंकडे पाहिलं. मालतीबाईंना नळावरचं आपलं वाक्य आठवलं. नळ काही फार लांब नव्हता.

"त्या टायमाले हरिद्वारला मोठी बाटली एक कमी पडनी व्हती," उषाबाई हळू म्हणाल्या. "धाकली कोणाच्या तरी घरी जाणारच होती. मला वाटलं, मालती समजून घेईल."

"सगळ्यांच्या बाटल्या बोटभर ओतून सारख्या करायच्या होत्या," मालतीबाई म्हणाल्या.

"तेच ते. तवा सुचनं नई."

उषाबाईंनी डब्यातून पुडी उचलली, बारीक घडी घातली आणि कमरेला खोचली. "हे गल्लीत पडायला नको."

"सुषमा," मालतीबाईंनी आत हाक दिली, "चहा टाक. दुधाचा."