तुळशीरामचा डावा हात

काल्हेरच्या पोरांनी जत्रेत खुनाचं नाटक केलं आणि तोंड लपवायची पाळी आली माझ्यावर. कारण त्यातला खुनी तुळशीराम. माझी भाची कमळा, तिचा हा ठरलेला नवरा; आणि लग्न जमवणारी मी.

तो भिवंडीत लूम चालवतो. तुटलेला धागासुद्धा असा जोडतो, जणू त्याला दुखेल. नाटकातही सुरुवातीला तसाच गरीब कामगार होता. पण शेवटच्या अंकात त्याने बायकोला, म्हणजे लुगडं नेसलेल्या पंढरीला, फळ्यांवर आपटलं, कोयता उगारला, आणि अख्खी जत्रा किंचाळली.

दुसऱ्या दिवशी आमच्या कोन गावात ज्याला त्याला मत फुटलं. मास्तर म्हणाले, साधा माणूस एकदम कोयता उचलतो, याला काही कारणच दाखवलं नाही. ठकुबाई म्हणाली, "कारण कशाला? बायको सारखी बोलत व्हती ना!" मी तिला तिथेच झापलं.

दुपारी सीतावहिनी, कमळाची आई, साखरपुड्याची साडी पिशवीत घालून माझ्या दारात. मागे कमळा, रडून डोळे सुजलेली.

"पुतळाताई, मना पोर द्याची न्हाय त्या घरात. पोटात असल्याबिगर असा राग तोंडावर येतो का?"

खरं सांगते, तो चेहरा पाहून मीही घाबरले होते.

"आय," कमळा म्हणाली, "तुमी सगळ्यांनी कोयत्याचा हात बघितला. मी दुसरा बघत व्हते. पंढरीदादा पडला तवा त्याच्या डोक्याखाली यानं डावा हात घातला."

"काय बी सांगू नको."

एवढ्यात तुळशीराम आला. साडी परत जातेय हे ऐकून शिफ्ट सुटल्यावर तडक आला होता. दारात उभा, डावा हात पाठीमागे.

"हात दाखव," वहिनी म्हणाली.

बोटांची सालं निघालेली, हात टम्म सुजलेला.

"पंढरीचं डोकं लय भारी हाय," तो ओशाळून म्हणाला.

वहिनीने माझ्याच चुलीवर तेलात हळद गरम केली आणि त्याला पुढ्यात बसवलं. कमळाने साडीची पिशवी हळूच उचलून छातीशी धरली.

"या हातानं लूम चालवलास? अक्कल हाय का तुला?" लेप लावता लावता वहिनी त्याच्यावर ओरडत होती. "लग्नापतूर भरला पायजे. माझ्या पोरीचा हात धराचाय तुला."