दार कोण उघडणार

दिग्दर्शकाने भिंतीवरचं एक हिरवं कार्ड टाचणीसकट उपटलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"बघा ताई, काही अडलं का?"

पटकथाकार बाईंनी भिंतीकडे पाहिलं. कादंबरीतला एकेक प्रसंग एकेका कार्डावर, आणि नायिकेची मुलगी जिथे जिथे येते ती कार्डं हिरवी. कार्ड काढायचं, उरलेली ओळीने वाचायची. गोष्ट अडखळली नाही तर तो प्रसंग फालतू, अशी या धंद्याची साधी रीत. दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतली कितीतरी माणसं बाईंनी अशीच घराबाहेर काढली होती, आणि तेव्हा त्यांच्या पोटातलं पाणीही हललं नव्हतं.

"नाही अडलं," त्या म्हणाल्या.

ही कादंबरी त्यांच्या आईची होती. आई गेल्यावर सिनेमासाठी विचारणा झाली, तेव्हा पटकथा मीच लिहिणार म्हणून त्या हटून बसल्या होत्या. कादंबरीतली मुलगी म्हणजे आपणच, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? पुस्तकभर ती पोर फक्त दार उघडते. आई कामावरून येते, मुलगी दार उघडते, आई लिहायच्या खोलीत निघून जाते. आईने आपल्याबद्दल लिहिलेलं तेवढंच, आणि तेवढं तरी पडद्यावर राहावं असं त्यांना फार वाटत होतं.

"पुस्तकात ती शोभते हो," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण सिनेमात नुसतं दारात उभं राहून कसं चालेल? काहीतरी करायला नको का तिने?"

"लहान आहे ती."

"म्हणूनच म्हणतो, सुटका करू बिचारीची."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बाईही हसल्या, आणि उरलेली हिरवी कार्डं त्यांनी आपल्या हाताने उतरवली. मग पहिल्यापासून मोठ्याने वाचत गेल्या. गोष्ट कुठेही अडखळली नाही. उलट चांगली पळाली. त्यांना रडू आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यावर भागवलं.

शेवटच्या कार्डापाशी दिग्दर्शकच थबकला.

"अरेच्चा! नोकरी सोडून नायिका घरी येते, आणि दार उघडायचं कार्ड तर आपण काढलं. आता दार कोण उघडणार?"

"किल्ली असेल की तिच्याकडे."

"चालेल. लिहून टाका."

बाईंनी लिहिलं: नायिका पर्समधून किल्ली काढते. कुलूप उघडते. आत येते. घरात कोणी नाही.

दिग्दर्शकाने त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि टाळीच वाजवली.

"वा! किती एकटी वाटायला लागली बघा ही बाई! पुस्तकात हे नव्हतंच."

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

पुस्तकात आई एकदाही रिकाम्या घरात आली नव्हती. पानन्‌पान पाठ असूनही हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्या लिहिलेल्या ओळींकडे बघत राहिल्या. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: आत दिवा लागलेला आहे.

"दिवा?" दिग्दर्शक म्हणाला. "घरात कोणी नाही म्हणता, मग लावला कोणी?"

"असू दे," बाई म्हणाल्या. "अंधारात शिरायची सवय नाही तिला."