कर्जावरचं नाव

आमच्या लेकीचं, धम्मप्रियाचं, लग्न लोह्याला झालं ते २०२२ साल. त्याच उन्हाळ्यात तिचा मोठा भाऊ संघपाल लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागला आणि आमच्या घरात पहिल्यांदा पगारातून पैसे उरू लागले.

त्याच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही नांदेडला बँकेतून कर्ज काढलं होतं. सहकर्जदार म्हणून सही माझ्या बायकोची, नागुबाईची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होती, पगार पक्का. मी मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा हमाल. मला तेव्हा सहीसुद्धा येत नव्हती.

कोरोनात संघपालचं आधीचं काम गेलं, हप्ते थकले. नागुबाई तोवर रिटायर झाली होती; बँकेने ते तिच्या पेन्शनमधून कापून घेतले. ती पैसे काढायला गेली तर खातं रिकामं. वर रांगेतल्या लोकांदेखत तिला सांगितलं, "मावशी, तुम्ही थकबाकीदार आहात." शाळेतले दोन मास्तर त्या रांगेत उभे होते. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. "मरायच्या आधी त्या कर्जावरून माझं नाव काढा."

२०२३च्या मार्चमध्ये संघपाल घरी आला. सोबत श्रीशैल, त्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारा. त्याच्या वडिलांचं लातूरला कापडाचं दुकान. संघपालकडे लाखभर रुपये जमले होते. नागुबाई म्हणाली, "कर्जात भरून टाक."

संघपालच्या आधी श्रीशैलच म्हणाला, "काकू, कर्ज नऊ टक्क्याचं हाय. त्याच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते. म्युच्युअल फंडात बारा-चौदा टक्के सुटतात. मग आधी फेडायचं कशाला? हप्ता देत राहायचं, उरलेलं तिकडं टाकायचं."

"तुझ्या मायचं नाव हाय का रे कोणत्या कर्जावर?"

श्रीशैल हसला. "न्हाई काकू. आमच्याकडं लोकांचीच उधारी ऱ्हाते."

"म्हणून तुला सोपं वाटून राहिलं. भाकर घे अजून."

"माय, हप्ता चुकतोय का माझा?" संघपाल म्हणाला. "तीन वर्षं थांब. त्या फंडातून तीन वर्षं पैसे काढता येत न्हाईत, पण मग एका झटक्यात सगळं फेडतो. वर चार पैसे उरतील."

"तीन वर्षं मी काय कुठं पळून चालले?" नागुबाई म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

संघपालचा हिशोब चुकला नाही. हप्ता दर महिन्याला गेला, फंडही वाढला. सुट्टीत आला की तो मोबाईलवर फंडाचे वाढते आकडे तिच्यापुढे धरायचा.

"हिरवं दिसून राहिलं," ती म्हणायची. "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

२०२५च्या दिवाळीआधी तिचं पोट फुगलं. यकृताचा कॅन्सर निघाला. संघपालच्या हाताशी होतं तेवढं तपासण्यांत आणि दवाखान्यात गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

मी आणि संघपाल बँकेत गेलो. तिचं नाव काढा, माझं लावा, असं मी म्हणालो. तोवर विहारातल्या वर्गात मी अक्षरं शिकलो होतो, सही करत होतो. टेबलावरचा तरुण साहेब चांगला बोलला. पण माझी हमाली सुटलेली, उत्पन्न काही नाही आणि कर्ज फिटल्याशिवाय सहकर्जदाराचं नाव निघत नाही. फंडाचं कुलूप मार्चमध्ये उघडणार होतं.

संघपाल घरी येऊन म्हणाला, "माय, मी दुसरं कर्ज काढतो. मोबाईलवर लगेच मिळतं. त्यातून हे फेडू."

"त्याचं व्याज?"

"अठरा."

"मग नको. मी सुटायचं अन् तू फसायचं, असं नको."

जानेवारीत तिने खाणं सोडलं. एका संध्याकाळी संघपाल तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "माय, निघालं तुझं नाव. आजच काढलं."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुमाला आता वाचता येतं. तुमी वाचलं का?"

संघपाल माझ्याकडे बघत होता. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"न्हाई," मी म्हणालो.

तिने पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर नावाचं ती बोलली नाही.

ती गेल्यावर आम्ही पेन्शन बंद करायला त्याच बँकेत गेलो. त्याच साहेबाने मृत्यूचा दाखला घेतला, झेरॉक्सवर माझी सही घेतली. "आता कर्जावरून त्यांचं नाव कमी होईल," तो म्हणाला. एक रुपयाही भरावा लागला नाही. संघपाल बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मार्चमध्ये फंड उघडला. कर्ज फिटलं, वर चार पैसे उरले. संघपालने ते अजून काढलेले नाहीत.

माझी बायको नागुबाई लिंबाजी हनमंते १९ जानेवारी २०२६ रोजी, सोमवारी पहाटे, नांदेडच्या राहत्या घरी वारली.