लोह्याच्या अलीकडे थांबलेली गाडी

लातूरहून निघतानाच गाडी नीट नव्हती. गल्लीच्या तोंडाशी श्रीनाथने ब्रेक दाबला, तसं इंजिन थरथरलं, रेस आपोआप वर गेली, खाली पडली, परत वर गेली. त्याने पटकन पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि गाडी बंद पडू दिली नाही.

"अजून झालीच नाही का दुरुस्त?" अपूर्वाने विचारलं.

"मिस्त्रीनं प्लग बदलले, सगळं साफ करून दिलं. चालताना काही नाही. उभी राहिली की असं करते."

मागच्या सीटवर आणि डिकीत अपूर्वाचं सामान होतं. दोन मोठ्या बॅगा, पुस्तकांचं खोकं, शिलाई मशीन. सहा महिन्यांपूर्वी ती एका पिशवीनिशी नांदेडला भावाकडे गेली होती. उरलेलं न्यायला काल आली आणि रात्री शेजारच्या काकूंकडे झोपली. आज दुपारी नांदेडच्या कोर्टात दोघांच्या घटस्फोटाची शेवटची तारीख होती. एवढं सामान एसटीत चढवणार कसं, म्हणून श्रीनाथच म्हणाला होता, मी तसाही येणारच आहे, गाडीनंच जाऊ.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली पाच श्रीनाथच्या आईच्या आजारपणात गेली. अर्धांगवायूने त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा अपूर्वाने शाळेतली नोकरी सोडली. श्रीनाथ सकाळपासून शिकवणीच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचा. मग दोघं मिळून आईला उचलायचे, कूस बदलायचे, पाठीच्या जखमा पुसायचे. बोलणं असायचं ते औषधांचं आणि चादरींचं, पण बोलणं असायचं. भांडण असं घरात कधी झालंच नाही.

शेवटचे तीन महिने आईंना ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवलं होतं. अपूर्वा त्यांच्याच खोलीत झोपायची. एका पहाटे तिला झोप लागली होती, लाइट गेली, मशीन बंद झालं, आणि ती उठली तेव्हा सगळं संपलं होतं. घर माणसांनी भरल्यावर श्रीनाथने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तू तिथंच होतीस ना?"

एवढंच. परत तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि तीही नाही.

अहमदपूर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढलेली रानं उघडी पडली होती, मधेच तुरीचे हिरवे पट्टे. पुढे रस्त्याचं काम निघालेलं होतं आणि एकाच बाजूने वाहनं सोडत होते. तिथे दर थोड्या वेळाने थांबावं लागायचं. दर वेळी इंजिन धापा टाकायचं आणि श्रीनाथ पायाने त्याला जागं ठेवायचा. लोह्याच्या अलीकडे एका ट्रकमागे ते थांबले, त्याचा पाय जरासा उचलला गेला आणि गाडी बंद पडली. दोनदा चावी फिरवली तेव्हा कुठे चालू झाली. त्याने ती कशीबशी एका हॉटेलाच्या मोकळ्या जागेत घेतली.

पत्र्याच्या शेडमधून हॉटेलवाला बाहेर आला. किशनराव त्यांचं नाव. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात भजी काढायचा झारा.

"लई हलून राहिली की हो गाडी. लोह्यात मिस्त्री हाय, बोलावू का?"

"बघतो आधी," श्रीनाथ म्हणाला आणि त्याने बोनेट उघडलं.

गाडी चालूच ठेवून तो वाकला. तिथे तो एकदम मास्तर झाला. स्वतःशीच, पण अपूर्वाला ऐकू जाईल असं बोलू लागला. "प्लग नवे आहेत. चारही सिलिंडर काम करतात, ते मी घरी बघितलंय. पेट्रोल कमी पडत असतं तर पळताना ओढ गेली असती. राहिली हवा. कुठून तरी जादा हवा आत शिरत असणार."

"आणि ब्रेक?" अपूर्वा म्हणाली. "मघाशी तुम्ही ब्रेक लावताना पाय फार जोरात दाबत होतात."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "हो की. आठवडा झाला, कडक झालाय. त्यालाही इंजिनातल्या हवेचाच जोर लागतो."

पण पाइप पुष्कळ होते, आणि इंजिनाच्या आवाजात काही कळेना. कान जवळ नेला तर गरम वाफ तोंडावर येई. "एखादी बारकी नळी पाहिजे," तो म्हणाला. "एक टोक कानाला लावून दुसरं फिरवलं तर नेमकं सापडेल."

तो डिकीकडे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. अपूर्वा मागे गेली. सामानाखाली, कोपऱ्यात, एक पारदर्शक नळी गुंडाळून पडली होती. आईंच्या ऑक्सिजनची. दवाखान्याच्या फेऱ्यांत कधीतरी जादाची म्हणून घेतलेली, पाकिटातून न काढलेलीसुद्धा.

अपूर्वाने वाकून ती उचलली आणि पाकीट दातांनी फाडलं.

"मी ऐकते," ती म्हणाली.

त्याने नळीचं दुसरं टोक धरलं आणि एकेका पाइपाजवळून हळूहळू फिरवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. खडखड, टकटक, पंख्याचं घरघरणं. "इथं नाही. इथंही नाही." मग नळी मागच्या बाजूला, ब्रेककडे जाणाऱ्या जाड काळ्या पाइपाच्या तोंडाशी आली, आणि तिच्या कानात सापासारखा फुत्कार घुसला.

"थांबा! इथंच."

त्याने रबराला बोटाने चाचपलं. खालच्या बाजूला, वरून दिसणार नाही अशी, चीर पडली होती. त्याने तिच्यावर बोट दाबून धरलं. क्षणभर इंजिन अडखळलं आणि मग एकसारखं, शांत चालू लागलं. बोट काढलं की परत धाप, दाबलं की शांत.

"सापडलं," श्रीनाथ म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. अपूर्वाही हसली. कितीतरी महिन्यांत ते असे एकमेकांकडे बघून हसले नव्हते. हसू ओसरल्यावर काय करावं ते दोघांनाही सुचलं नाही.

पाइप टोकालाच चिरला होता. चिरलेलं कापून टाकलं आणि उरलेला ओढून बसवला, तर काम भागणार होतं. किशनरावांनी कांदा चिरायची सुरी दिली. "पण गार होऊ द्या आधी, हात भाजतील. बसा, चहा घ्या. जोडीनं करून राहिले, बरं वाटलं बघून. आमची तर दुकानाकडं ढुंकूनबी बघत न्हाई."

दोघं बाकावर बसले. चहा आला. श्रीनाथने पेला हातात नुसताच धरला.

"त्या दिवशी मी जे विचारलं," तो म्हणाला, "तू तिथंच होतीस ना, असं. ते विचारायला नको होतं."

"हो," अपूर्वा म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले होते, जागं असून काही करता आलं नसतं."

"कधी म्हणाले?"

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "त्याच दिवशी. संध्याकाळी."

रस्त्यावरून उसाने भरलेला एक ट्रॅक्टर आवाज करत गेला.

"मला वर्षभर वाटत राहिलं, की मी त्यांना मारलं," ती म्हणाली. "भांडी घासताना, आंघोळ करताना, सारखं. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. तुम्हाला माहीत होतं."

"मला सांगताच येईना, अपूर्वा. दिवस गेले तसं जास्तच अवघड होत गेलं." तो तिच्याकडे वळला. "आज नको जाऊ या. गाडी बंद पडली म्हणून वकिलांना फोन करू. पुढची तारीख मिळेल. आपण घरी जाऊ."

तिला घर दिसलं. आईंची रिकामी खाट, खिडकीतली औषधांची जागा, जेवताना समोर बसलेला श्रीनाथ. त्याची दया आली तिला. पण आत कुठेतरी काही हलेल म्हणून ती थांबली, तर काहीच हललं नाही.

"राग होता ना, तोवर मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही कधी बोलाल म्हणून. आता रागही नाही राहिला, अहो."

त्याने पेला उचलून गार झालेला चहा संपवला.

"पाइप गार झाला असेल," ती म्हणाली आणि सुरी त्याच्याकडे सरकवली.

पाइप कापायला आणि बसवायला फार वेळ लागला नाही. तिने क्लिप दाबून धरली, त्याने पाइप आत सरकवला. किशनरावांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. "पुन्हा या जोडीनं," म्हणाले.

नांदेडपर्यंत गाडी कुठेही बंद पडली नाही. कोर्टात पुकारा झाला तेव्हा दोघं वेळेवर हजर होते. न्यायाधीश बाईंनी विचारलं, विचार करूनच ठरवलंय ना, कुणाचा दबाव नाही ना? अपूर्वा म्हणाली, विचार करूनच ठरवलंय, कुणाचा दबाव नाही. श्रीनाथला दोनदा विचारावं लागलं. मग तोही तसंच म्हणाला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं आणि पुढच्या लोकांना आत बोलावलं.

तिच्या भावाच्या घरासमोर त्याने सामान उतरवलं. शिलाई मशीन जिन्याने वर नेऊन ठेवलं. भावजयीने, शिवानीने, पाणी दिलं. ते त्याने उभ्यानेच प्यायलं. "येतो," तो म्हणाला, आणि असं म्हणायला नको होतं हे लक्षात आल्यासारखा दारात घोटाळला आणि गेला.

शिवानीने मुलांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. त्यात एका बॅगेतलंही सगळं मावलं नाही.

"मोठी बॅग गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवू या का?" शिवानी संकोचून म्हणाली. "हळूहळू होईल जागा."

"ठेवू की."

अंधार पडता पडता फोन वाजला. श्रीनाथचा मेसेज होता, 'पोचलो.' इतकी वर्षं कुठेही गेला तरी पोचल्यावर तो एवढाच शब्द पाठवायचा. अपूर्वा त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिने 'बरं' असं लिहून पाठवलं, फोन उशीखाली ठेवला, आणि बॅगेची एक कड धरायला शिवानीमागे जिन्याकडे गेली.