एक तरी दुकान बुडू दे

शनिवारी संध्याकाळी चष्मेवाला सायकलच्या दुकानावरचा जिना चढला तेव्हा त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक खोका होता. तो त्याने असा धरला होता की समोरून येणाऱ्याला वाटावं, आत नुकतीच जन्मलेली जुळी झोपली आहेत. खोक्यात त्याने स्वतः बनवलेला खेळ होता. नाव ‘चार दुकानं’. तीन वर्षं खपून केलेला. पट हाताने रंगवलेला, पत्ते हाताने कातरलेले, आणि नाणी म्हणून चष्म्यांची बाद भिंगं. जाड भिंग दहाचं, पातळ भिंग एकाचं. या भिंगांच्या कडा घासण्यापायी गिऱ्हाइकांची कामं अशी रखडली की विचारू नका. एका मास्तरांचा चष्मा तर इतका लांबला की ते बिचारे सहामाहीपर्यंत भलत्याच वर्गाला शिकवत राहिले. त्या वर्गाचा निकाल सुधारला, म्हणून कुणी तक्रार केली नाही इतकंच.

वरच्या खोलीत क्लब भरायचा. मधोमध टेबल टेनिसचं टेबल, शनिवारी त्याची जाळी काढून ठेवायची. भिंतीला एक लोखंडी कपाट आणि त्यात क्लबचे खेळ: जहाजांचे, खाणींचे, रेल्वेचे, सगळे घेण्याविकण्याचे. या मंडळींना दुसरा खेळ चालतच नसे. कपाटात विकतचा खेळ सहज जायचा, पण सभासदाने घरी केलेला खेळ आत जायचा तर एकच अट होती. एका बैठकीत, खोलीला कुलूप लागायच्या आत, तो शेवटापर्यंत खेळून दाखवायचा.

आजवर असा एकच खेळ आत गेला होता, आणि तो चष्मेवाल्याच्या मेव्हण्याचा होता. मेव्हण्याची बेकरी. कणीक फुगेपर्यंत करायचं काय म्हणून त्याने एका दुपारी खेळ केला, संध्याकाळी क्लबात खेळवला, आणि तो कपाटात गेलासुद्धा. कपाट उघडलं की पहिला तोच दिसायचा. मेव्हण्याने या गोष्टीचा घरी कधी एका शब्दाने उल्लेख केला नव्हता, आणि चष्मेवाल्याला नेमकं तेच सलायचं. फुशारकी मारणाऱ्याचं तोंड बंद करता येतं. न मारणाऱ्याचं काय करणार?

तेव्हा आज आपला खोका त्या खोक्याच्या शेजारी बसला पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

निघताना बायको म्हणाली होती, “तीन वर्षं चारही खुर्च्यांवर आळीपाळीने बसून स्वतःशीच भांडलात. आज समोर खरी माणसं असतील हो. जपून.”

“माणसं असली की खेळ रंगतो,” असं म्हणून तो बाहेर पडला होता.

कपाटाची किल्ली काकूंकडे. काकूंचं अख्खं आयुष्य टेलिफोनच्या कचेरीत गेलेलं. “वेळ संपली” हे दोन शब्द त्या अशा सुरात म्हणायच्या की माणूस अर्ध्या जांभईत तोंड मिटायचा. खेळ पुरा झाला की नाही, हे ठरवणाऱ्याही त्याच.

“आठला कुलूप,” काकू म्हणाल्या. “बसा.”

चौघे बसले. चष्मेवाल्याला भांड्यांचं दुकान, मेव्हण्याला तेलाचं, दातांच्या डॉक्टरीणबाईंना कापडाचं, आणि घरं रंगवणाऱ्या ‘सावकाश’ला लोकरीचं. सावकाश हे त्याचं टोपणनाव. तो एका घराची मागची भिंत रंगवत असताना त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं, झालं, आणि पुढची भिंत संपेपर्यंत ती बाळंतपणाला माहेरी आली, असं म्हणतात.

“सोपं आहे,” चष्मेवाला म्हणाला. “पाळी आली की माल घ्यायचा किंवा विकायचा. बाजाराचा पत्ता उलटायचा, त्याप्रमाणे भाव वरखाली. मग दुकानाचं भाडं भरायचं. ज्याला भाडं भरता येणार नाही त्याचं दुकान बुडालं. पहिलं दुकान बुडालं की खेळ संपला, आणि उरलेल्यांत ज्याच्याकडे जास्त तो जिंकला.”

“वा, दाजी!” मेव्हणा मनापासून म्हणाला. “डोकं लावलंय.”

चष्मेवाल्याला तेही आवडलं नाही.

सुरुवात मात्र झकास झाली. डॉक्टरीणबाईंनी कापड असं घेतलं की जणू कुणाची दाढच काढतायत, आधी गोड बोलून, मग हिसका. सावकाशने लोकर घेतली आणि ती विकावी का, या विचारात तो बुडून गेला. मेव्हणा येईल त्या भावाने तेल घेत होता. बाजार वर गेला, खाली आला, आणि सातच्या सुमारास ‘यंदा थंडी नाही’ असा पत्ता निघाला. लोकर कोसळली. सावकाशच्या समोर तीन पातळ भिंगं उरली आणि भाडं होतं पाच.

चष्मेवाल्याच्या मनात उकळ्या फुटल्या. बुडाला! खेळ संपला, आणि अजून तासभर हातात! त्याने कपाटाकडे पाहिलं. मेव्हण्याच्या खोक्याच्या डाव्या अंगाला जागाही होती.

आणि तेवढ्यात टेबलावर काचांचा किणकिणाट झाला. डॉक्टरीणबाईंनी एक भिंग सावकाशपुढे सरकवलं. मेव्हण्याने एक सरकवलं. आणि सगळ्यांच्या आधी ज्याचं भिंग तिथे जाऊन पडलं होतं, तो हात खुद्द चष्मेवाल्याचा होता. सवयीने गेला होता.

या क्लबची एक पद्धत होती: हात देणं. कुणी बुडायला आला की टेबलावरच्या बाकीच्यांनी काही न बोलता त्याच्यापुढे एकेक नाणं सरकवायचं. फार मागे एक शिंपी नवराबायको इथे खेळायला येत. जहाजांच्या खेळात बायकोने नवऱ्याचं दिवाळं काढलं. दोघांनी घरी जाऊन दुकानाची पाटी करवतीने मधोमध कापली, आणि पुढे गिऱ्हाइकाला विजारीचा डावा पाय एकीकडे आणि उजवा दुसरीकडे शिवून घ्यावा लागे. तेव्हापासून कुणाला बुडू द्यायचं नाही, असं ठरलं. विकतच्या खेळांना त्याची काही अडचण नव्हती. ते ठरावीक फेऱ्या झाल्या की आपोआप संपत. पण दुकान बुडाल्याशिवाय न संपणारा खेळ या खोलीत आजवर कुणी आणलाच नव्हता.

चष्मेवाला इतकी वर्षं इथे हात देत आणि घेत आला होता. पण घरी चारही दुकानं त्याचीच, आणि स्वतःला हात द्यायचं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. घरी दुकानं कशी पटापट बुडायची!

“काकू,” तो म्हणाला, “या खेळात हात द्यायचा नाही. नियमच आहे तसा.”

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

“डाव मांडल्यावर नियम बदलत नाहीत,” काकू विणकामातून मान वर न करता म्हणाल्या. “आणि हात द्यायची पद्धत पाडली कुणी? इथेच उभं राहून भाषण केलं होतंत. ‘खेळापायी माणूस तुटता कामा नये.’ मला तर भरून आलं होतं.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती!”

“भाषण तर चांगलं लांबलचक होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चला, कुणाची पाळी?”

पाळी सावकाशची होती. म्हणजे बराच वेळ गेला.

पुढे जे झालं ते पाहून दगडालासुद्धा चीड आली असती. कापडाला कसर लागली, डॉक्टरीणबाई बुडायला आल्या, तिघांनी हात दिला. तेलाचं पिंप फुटलं, मेव्हणा बुडायला आला, तिघांनी हात दिला. चष्मेवाला प्रत्येक वेळी भिंग असं सरकवत होता की जणू स्वतःचा डोळाच काढून देतोय. बरं, ज्याला हात मिळे तो दोन पाळ्यांत सावरे आणि दुसऱ्याला हात द्यायला मोकळा. दुकानं कसली, रबराचे चेंडू झाले होते ते. पाण्यात दाबावे तेवढे वर.

साडेसात झाले. शेवटी चष्मेवाल्याने ठरवलं, आता आपणच बुडायचं. जिंकणं गेलं खड्ड्यात, खेळ संपल्याशी कारण.

त्याने असेल नसेल ते देऊन पोचे आलेली भांडी उचलली. सगळ्यात भिकार माल, कुणी हात लावत नव्हतं. पत्ता उलटला: ‘सरदाराकडे मेजवानी, भांड्यांना तिप्पट भाव.’ हा पत्ता त्याने स्वतःच रात्री जागून लिहिला होता, आणि मोठ्या हौसेने. समोर जाड भिंगांचा ढीग लागला.

“नशीब बघा दाजींचं!” मेव्हणा टाळी देत म्हणाला.

पुढच्या पाळीला त्याने तो ढीग दुप्पट किमतीने सावकाशच्या लोकरीत घातला. “अहो, इतकी नको,” सावकाश म्हणाला, “मलाच लाज वाटतेय.” पत्ता उलटला: ‘अवेळी बर्फ.’ लोकर छपराला टेकली. म्हातारं झालेलं घुबड दिवसा उडावं तसा चष्मेवाला इकडेतिकडे पाहू लागला. बुडण्यासाठी इतका घाम त्याने उभ्या आयुष्यात कमावण्यासाठीही गाळला नव्हता.

मग त्याने ती लोकर विकून आलेली सगळी भिंगं सरळ उचलली आणि खोक्यात टाकली. “देणगी. धर्मशाळेला. भाडं भरायला माझ्याकडे दमडी नाही. बुडालो. काकू, बघा, बुडालो!”

किण्. किण्. किण्. तीन जाड भिंगं.

सावकाशनेसुद्धा, जन्मात पहिल्यांदा, झटकन हात पुढे केला होता.

“मला नको!” चष्मेवाला ओरडला.

“लाजू नका हो, दाजी,” मेव्हणा म्हणाला. “घरचेच आहोत आपण.”

“घरचेच! अरे, घरचा आहेस म्हणून तर सांगतोय, बुडू दे मला! तीन वर्षं घातलीत मी यात. एक तरी दुकान बुडू द्या रे! एका माणसाने तरी दुसऱ्याचा गळा धरा! कसले व्यापारी तुम्ही? तुम्हाला बाजारात उभं केलं तर अख्खा बाजार गोड बोलून झोपवाल तुम्ही!”

सावकाशच्या हातातला पत्ता खाली गळला. मेव्हण्याचा चेहरा फुगायच्या आधीच भट्टीत घातलेल्या पावासारखा झाला.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला हरताना बघवत नाही माझ्याच्याने. म्हणून मी मघाशी तीन पाळ्या माझं तेल पडेल भावात तुम्हालाच विकलं. तुमचा खेळ आहे. तुम्हीच जिंकायला पाहिजेत ना?”

यावर माणसाने रागवावं तरी कसं? चष्मेवाल्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“वेळ संपली,” काकू म्हणाल्या, आणि ते मिटलं.

काकूंनी विणकाम गुंडाळलं आणि निकाल दिला. “खेळ पुरा झालेला नाही. कपाटात जाणार नाही.”

“कळलं,” म्हणत चष्मेवाल्याने पट गुंडाळायला घेतला.

“अहो, थांबा!” डॉक्टरीणबाईंनी पटाचं दुसरं टोक धरलं. “माझं कापड आता कुठे भावाला लागतंय.”

“माझ्या लोकरीचं मी पुढच्या पाळीला ठरवणार होतो,” सावकाश म्हणाला. “विचार सुरू आहे माझा.”

“माझं तेलाचं जहाज यायचंय,” मेव्हणा म्हणाला.

“मांडलेला डाव सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय उचलायचा नाही,” काकू म्हणाल्या. “हीसुद्धा पद्धतच आहे. तीन जण नाही म्हणतायत. राहू दे टेबलावर.”

तो राहिला. त्याला आता इतके शनिवार झालेत की पटावरचा रंग एकदा पुन्हा द्यावा लागला, आणि तो सावकाशने दिला, म्हणजे विचार करा. जहाजांचे, खाणींचे, रेल्वेचे खेळ कपाटात धूळ खात पडलेत, आणि त्यात मेव्हण्याचाही आहे, कारण मांडायला टेबल मोकळंच नाही. टेबल टेनिसवाले मंगळवारी भोवतीनेच खेळतात. चेंडू तेलाच्या दुकानाला लागला तर दोन गुण. कपाटात वीतभर जागा मागणाऱ्याला अख्खं टेबल मिळालं, पण चष्मेवाला काही खूश नाही. खेळ पुरा झाल्याशिवाय तो खेळच नव्हे, असं तो दर शनिवारी म्हणतो, बुडण्याची नवी युक्ती घेऊन येतो, आणि आणखी श्रीमंत होऊन घरी जातो.

परवाची गोष्ट. मेव्हण्याचं तेल साफ झोपलेलं. आठ वाजले, सगळे जिना उतरले, आणि खाली सायकलला टांग मारता मारता मेव्हण्याने विचारलं, “दाजी, पुढच्या वेळी दुकान गहाण टाकून सगळीच्या सगळी लोकर उचलू का? इस पार की उस पार!”

चष्मेवाला पायरीवर थबकला. ‘यंदा थंडी नाही’चा दुसरा पत्ता गठ्ठ्यात होता, शेवटचं पिसल्यापासून अजून निघालेला नव्हता, आणि उरलेल्या मोजक्या पत्त्यांत तो आता निघणारच होता. गहाण टाकून लोकर घेतली तर हे दुकान इतकं खोल जाईल की तिघांनी मिळून हात दिला तरी पुरणार नाही. पहिलं दुकान बुडेल. खेळ संपेल. खोका कपाटात जाईल. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“गाढवा!” तो खेकसला. “लोकरीला हात लावशील तर याद राख! तेलच धरून बस, दोन पाळ्यांत वर येईल ते. एवढंही कळत नाही?”

“बरं झालं विचारलं,” मेव्हणा म्हणाला, आणि शीळ घालत निघून गेला.

चष्मेवाला तिथेच कठडा धरून उभा राहिला. मग त्याने आपल्या जिभेला, मेव्हण्याला, तेलाला, लोकरीला आणि तीन वर्षांना ओळीने शिव्या घातल्या. पुन्हा सुरुवात जिभेपासून केली, आणि घरापर्यंतचा रस्ता त्यातच संपला.